इतिहासाचार्य राजवाडे

महाराष्ट्रातील अनेक गावांत अजूनही एखादा जुना वाडा उभा असलेला दिसतो. त्याचा दिंडीदरवाजा, प्रशस्त चौक आणि ओसरी पाहून त्या घराण्याच्या गतवैभवाची कल्पना येते. परंतु वाड्याचे खरे धन पुष्कळदा माळ्यावरच्या अंधारात पडून असे. तेथे लाकडी पेटीत किंवा जाड कापडाच्या रुमालात जुनी दफ्तरे बांधून ठेवलेली असत. घराण्याचा मूळ पुरुष कोण, तो या गावी कोठून आला, त्यास वतन कोणी व कशाबद्दल दिले, त्याच्यामागे किती पिढ्या नांदल्या, हे सारे त्या कागदांत मोडी अक्षरांनी लिहिलेले असे. ते कागद धुळीतून उचलून महाराष्ट्रापुढे ठेवण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, ते थोर संशोधक म्हणजे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे होत.

राजवाडे यांचा जन्म १८६३ साली कोकणातील वरसई या गावी झाला. लहानपणीच पित्याचे छत्र हरपल्यामुळे ते पुण्याजवळील वडगाव येथे चुलत्यांकडे वाढले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ते पदवीधर झाले. त्यांनी थोडा काळ शिक्षकाचे काम केले. विवाहानंतर काही वर्षांतच त्यांची पत्नी निवर्तली. त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. इंग्रजी उत्तम येत असूनही त्यांनी आपले सर्व लेखन मराठीतच केले.

त्या काळी मराठ्यांचा इतिहास म्हणजे मुख्यतः बखरी आणि ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याने १८२६ साली प्रसिद्ध केलेला ग्रंथ. बखरी बहुधा घटना घडून गेल्यावर पुष्कळ वर्षांनी लिहिलेल्या; त्यांत ऐकीव गोष्टींची भर फार. ज्या दिवशी घटना घडली, त्याच दिवसांत लिहिलेला अस्सल कागद हाच इतिहासाचा खरा आधार, असा राजवाड्यांचा आग्रह होता. पण असे कागद मिळावेत कोठे? ते सरदारांच्या, देशमुखांच्या, कुलकर्ण्यांच्या आणि सावकारांच्या वाड्यांत विखुरलेले होते. वाईस त्यांना पेशवाईतील पत्रांचा मोठा संग्रह मिळाला. १७६१ साली झालेल्या पानिपतच्या संग्रामापूर्वीच्या घडामोडी त्या पत्रांतून उलगडत होत्या. ती पत्रे त्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाच्या ग्रंथमालेचा पहिला खंड म्हणून प्रसिद्ध केली.

तेव्हापासून त्यांची भ्रमंती सुरू झाली ती अखेरपर्यंत. पदरी पैसा नाही, पाठीशी सरकार नाही. बरोबर लहानसे गाठोडे घेऊन ते गावोगाव हिंडत आणि स्वतःचे अन्न स्वतः शिजवीत. परंतु प्रवासाच्या कष्टांपेक्षा वाड्याच्या धन्याचे मन वळविणे अधिक कठीण होते. १८५२ साली इंग्रज सरकारने इनाम कमिशन नेमून लोकांच्या इनामांचे पुरावे तपासले होते, आणि त्यात अनेकांची इनामे गेली होती. त्यामुळे परक्या माणसाने कागद मागितले की घरची मंडळी साशंक होत. दुसरीकडे, मोडी वाचणारे कमी होत चालल्यामुळे दफ्तरांची किंमत वारसांनाच कळेनाशी झाली होती. काही दफ्तरे वाळवीने खाल्ली, काही पावसाच्या गळतीने कुजली, काही वाण्याच्या दुकानी पुड्या बांधण्यात संपली. एक रुमाल असा नाहीसा झाला की एका घराण्याच्या कित्येक पिढ्या कायमच्या मुक्या होत. राजवाड्यांच्या जिवाची तगमग होई ती यामुळेच.

या कागदांतून पूर्वजांचा माग कसा लागतो, हे समजून घेण्याजोगे आहे. समजा, पाटीलकीच्या वतनावरून दोन भावांच्या वंशजांत तंटा उभा राहिला. तो गोतसभेपुढे गेला म्हणजे प्रत्येक पक्षास आपली हकीकत मूळ पुरुषापासून पिढीवार सांगावी लागे. तिला करीना म्हणत. मग साक्षी घेऊन जो निर्णय होई, त्याचा महजर लिहिला जाई. त्यावर गावच्या प्रमुखांबरोबर बलुतेदारही साक्ष घालीत. ज्याला लिहिता येत नसे, तो आपल्या व्यवसायाची खूण काढी; पाटलाच्या नावापुढे नांगर, तर सुताराच्या नावापुढे त्याचे हत्यार! म्हणून वाड्यातला कागद एकट्या धन्याचा राहत नाही. ज्यांना स्वतःचा वाडा नव्हता, दफ्तर नव्हते, अशा कष्टकऱ्यांचे पूर्वजही त्याच कागदावर आपली खूण ठेवून गेलेले आहेत. राजवाड्यांच्या काही खंडांत मावळातील देशमुखांसारख्या शिवकालीन घराण्यांचे असे कागद आहेत, आणि त्यांवरून तेव्हाच्या गावगाड्याचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते.

मात्र जुना दिसणारा प्रत्येक कागद खरा नसे. वतनाच्या लोभाने कित्येकांनी बनावट कागद तयार केले होते, खोटे पूर्वजही जोडले होते. यासाठी संशोधकाला शिक्का, अक्षराचे वळण, तिथी व शक, लिहिण्याची धाटणी हे सर्व ताडून पाहावे लागे. घराण्याचा अभिमान सत्याच्या आड येऊ देऊन चालत नसे.

या साधनांचे एकंदर २२ खंड राजवाड्यांनी सिद्ध केले. ही संपत्ती एकट्याच्या बळावर टिकणार नाही, हे जाणून त्यांनी ७ जुलै १९१० रोजी सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साहाय्याने पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. त्यांचा स्वभाव तापट व मते परखड होती. पुढे मतभेद होऊन ते मंडळापासून दूर झाले, तरी त्यांचे संशोधन थांबले नाही. शहाजीराजांच्या दरबारातील कवी जयराम पिंड्ये याचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य त्यांनी १९२२ साली विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे देहावसान झाले. त्या गावी त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या संशोधन मंडळाने त्यांचे कार्य पुढे चालविले.

राजवाड्यांची सर्वच अनुमाने पुढील अभ्यासकांनी मान्य केली नाहीत. काही ठिकाणी त्यांची कल्पना पुराव्याच्या पुढे धावली, असे आज दिसते. पण ते दाखवून देण्यासाठी लागणारे कागद त्यांनीच तर वाचवून ठेवले होते!

आज जुने वाडे एकामागून एक उतरविले जात आहेत. त्यांचे खांब आणि तुळया विकत घेणारे पुष्कळ भेटतात. माळ्यावरच्या रुमालाकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. बालमित्रांनो, आपल्या घरी किंवा आप्तांच्या घरी असे बाड आढळले, तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. मोडी जाणणाऱ्या माणसाकडून ते वाचवून घ्या. कदाचित त्यात आपल्या पणजोबांच्या पणजोबांचे नाव असेल, आणि त्यांच्या शेजारीच गावातील एखाद्या सुताराने काढलेली त्याच्या हत्याराची खूणही असेल.