मंडईला नाव जोतीरावांचे, त्यांचा प्रश्न कोण विचारणार?

पुण्याच्या शुक्रवार पेठेत महात्मा फुले मंडई आहे. दगडी, अष्टकोनी इमारत आणि मधोमध उंच मनोरा. २०२४ सालापासून तिथे भुयारी मेट्रोचे स्थानकही झाले आहे. बाहेरगावचा माणूस ही पाटी वाचतो आणि समजतो की मंडई फुल्यांनी बांधली असेल, नाहीतर त्यांच्या स्मरणार्थ बांधली असेल. आमच्या चळवळीतल्या कित्येक कार्यकर्त्यांचीही हीच समजूत आहे. सत्य नेमके उलटे आहे. या मंडईवर लाखो रुपये खर्च करू नका, तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला द्या, असे पुण्याच्या म्युनिसिपालिटीला सांगणारा माणूस म्हणजेच जोतीराव गोविंदराव फुले.

जोतीरावांचे चरित्र आम्ही दरवर्षी ११ एप्रिल आणि २८ नोव्हेंबरला सांगतो. मुलींची शाळा, अस्पृश्यांची शाळा, सत्यशोधक समाज, गुलामगिरी हा ग्रंथ. हे सगळे सांगायलाच हवे. पण म्युनिसिपालिटीचे सभासद जोतीराव आमच्या भाषणांत येत नाहीत. आज महाराष्ट्रातल्या गावोगावच्या नगरपालिकांत बहुजन समाजाची माणसे बसली आहेत. त्यांना सर्वात जास्त उपयोगी पडणारे जोतीराव हेच आहेत. म्हणून आज आम्ही त्यांच्या चरित्राची ही बाजू वाचकांपुढे ठेवत आहोत.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात येऊन फुलांचा व्यवसाय केला, पेशव्यांना फुले पुरवली आणि फुले हेच आडनाव झाले. वडील गोविंदराव यांचा फुलांचा आणि भाजीपाल्याचा धंदा होता. म्हणजे बाजार काय असतो, पहाटे मळ्यातून निघालेला माल पेठेत येईपर्यंत किती हातांतून जातो आणि शेवटी शेतकऱ्याच्या पदरात काय पडते, हे जोतीरावांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. त्यांनी ते घरातच पाहिले.

मिशनच्या शाळेत ते शिकले. १८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत त्यांचा जातीवरून अपमान झाला. त्याच वर्षी त्यांनी बुधवार पेठेत भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. पुढे महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. शाळा काढल्या म्हणून बापाने घराबाहेर काढले, तरी नवरा-बायकोने काम सोडले नाही. १८६८ साली त्यांनी आपल्या घरातला पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. शहरात पाणी होते, पण अस्पृश्याला ते भरू देत नव्हते. शहराच्या कारभारावर जोतीरावांनी केलेली पहिली टीका म्हणजे हा हौद, असे आम्ही मानतो.

जोतीरावांची एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ते यशस्वी कंत्राटदार होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी दगड पुरवला. चुना, खडी, मजूर, हजेरीपट, बिले या सगळ्या गोष्टी त्यांच्या रोजच्या व्यवहारातल्या होत्या. बांधकाम खात्यात वरपासून खालपर्यंत पैसा कसा मुरतो आणि मजुराच्या घामाची मजुरी कशी कापली जाते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि १८७३ सालच्या गुलामगिरी या ग्रंथात त्यावर पद्यही लिहिले. इमारतीच्या खर्चाबद्दल हा माणूस बोलत होता तो अनाडीपणाने बोलत नव्हता. दगडाचा भाव त्याला ठाऊक होता. धंद्यात मिळवलेला पैसा त्याने चळवळीत घातला, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

१८७६ साली सरकारने जोतीरावांना पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद नेमले. पुणे तेव्हा आजच्यासारखे महानगर नव्हते. लाखाच्या आसपास वस्तीचे, पेठांचे शहर होते. आजच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढेच म्हणा ना! त्या वेळी सभासद लोकांनी निवडलेले नव्हते, सरकारने नेमलेले होते. सरदार, इनामदार, सावकार, वकील, पेन्शनर अधिकारी अशी ती मंडळी. ज्या मजुरांच्या, माळ्यांच्या, महार-मांगांच्या वस्त्यांतून शहर चालत होते, त्यांचे कोणी तिथे नव्हते. त्या सभागृहात जोतीराव सहा-सात वर्षे बसले.

ते बसले ते हो ला हो करायला नव्हे. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून त्यांच्या स्वागतासाठी शहर सजवायचे आणि त्यावर हजार रुपये खर्च करायचे, असा प्रस्ताव सभेपुढे आला. साहेब खूश व्हायला हवा म्हणून सगळे तयार. विरोध केला एकट्या जोतीरावांनी. त्यांचे म्हणणे साधे होते. हा पैसा करदात्या रयतेचा आहे, तो पाहुण्याच्या थाटावर उधळण्यापेक्षा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा. लिटनची कारकीर्द म्हणजे दुष्काळाचा काळ. १८७६-७७ साली दख्खनमध्ये माणसे अन्नावाचून मरत होती. जोतीरावांनी आणि सत्यशोधक समाजाच्या मंडळींनी धनकवडीला दुष्काळात उघड्या पडलेल्या मुलांसाठी बालाश्रम चालवला होता. ज्याने भुकेली पोरे सांभाळली, त्याला कमानी आणि रोषणाईचा खर्च कसा सहन होणार?

१८८० साली पुण्यात दारूची दुकाने वाढत चालली होती. त्या वर्षी जोतीरावांनी म्युनिसिपालिटीच्या कारभाऱ्यांना पत्र लिहून त्याला हरकत घेतली. लोकांच्या आरोग्यासाठी म्युनिसिपालिटी एका हाताने खर्च करते आणि दुसरीकडे गरिबांच्या वस्तीत त्यांचे संसार धुळीला मिळवणारी दुकाने उघडतात, ही विसंगती त्यांनी दाखवून दिली. दारूपासून सरकारला उत्पन्न मिळत होते. म्हणजे नेमलेला सभासद नेमणाऱ्याच्या उत्पन्नावर बोट ठेवत होता. आमच्या किती नगरसेवकांत आज ही हिंमत आहे?

आता मंडईकडे येऊ. त्या काळी पुण्याची भाजी शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या जागेवर विकली जाई. उन्हापावसात माळणी आणि शेतकरी जमिनीवर माल मांडून बसत. शहराच्या मध्यभागी हा पसारा बरा दिसत नाही, चांगली, नीटनेटकी, शहराला शोभेल अशी मंडई हवी, असा विचार पुढे आला. शुक्रवार पेठेत भव्य इमारत उभी करण्याचे ठरले. खर्च दोन-तीन लाखांच्या घरातला. वर सांगितलेले हजार रुपये आठवा, म्हणजे ही रक्कम किती मोठी होती हे कळेल. जोतीरावांनी आणि त्यांचे सहकारी हरी रावजी चिपळूणकर यांनी या खर्चाला विरोध केला. (हे निबंधमालेचे विष्णुशास्त्री नव्हेत, हे सत्यशोधक चळवळीतले चिपळूणकर.)

इथे आमच्या वाचकांनी थांबून विचार करावा. जोतीराव माळी समाजातले. भाजी विकणारी माणसे त्यांच्या नात्यागोत्यातली. आपल्या जातभाईंना डोक्यावर छप्पर मिळते आहे, मग गप्प बसावे, श्रेय घ्यावे, असा हिशेब त्यांनी केला नाही. ते स्वतः कंत्राटदार. बांधकाम निघाले की आपलेही काम निघेल, असाही हिशेब केला नाही. शहराच्या तिजोरीत जेवढा पैसा आहे, त्यात आधी कोणाचा हक्क, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला. पेठेत देखणी इमारत उभी राहील आणि त्याच पेठेतल्या मजुराचे पोर अक्षरशत्रू राहील, तर ती सुधारणा कोणाची?

हा त्यांचा क्षणिक आवेश नव्हता. १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी किमान १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. त्याच निवेदनात त्यांनी असेही सुचवले की मोठ्या शहरांतल्या म्युनिसिपालिट्यांनी आपल्या हद्दीतल्या प्राथमिक शाळांचा सगळा खर्च उचलावा. मात्र शाळांचा कारभार पूर्णपणे त्यांच्या हाती देऊ नये, देखरेख शिक्षण खात्याची असावी. म्युनिसिपालिटीच्या आत बसून तिचे रंग पाहिलेल्या माणसाचे हे शहाणपण आहे. पैसा त्यांच्याकडून घ्या, पण गरिबाच्या पोरांना त्यांच्या मर्जीवर सोडू नका! पुढच्याच वर्षी त्यांनी शेतकऱ्याचा असूड लिहून पुरा केला. शहराच्या सुखसोयींचे ओझे शेवटी खेड्यातल्या शेतकऱ्याच्या पाठीवर कसे येते, हे त्या ग्रंथात वाचायला मिळते.

जोतीरावांचे कोणी ऐकले नाही. मंडई उभी राहिली आणि १८८६ साली सुरू झाली. तिला मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव दिले गेले. पुढे कित्येक वर्षे म्युनिसिपालिटीची कचेरीही याच इमारतीत होती. खाली भाजी आणि वर कारभार. १८८८ च्या मे महिन्यात मुंबईच्या जनतेने जोतीरावांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, तर डाव्या हाताने त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक लिहिले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. तोवर धंद्यातला पैसा चळवळीत संपला होता.

मरणानंतरही पुणे म्युनिसिपालिटीने त्यांना सुखाने जगू दिले नाही, असेच म्हणावे लागेल. १९२५ साली केशवराव जेधे यांनी शहरात जोतीरावांचा पुतळा उभारावा असा ठराव आणला. उच्चवर्णीय सभासदांनी तो हाणून पाडला. जोतीरावांची यथेच्छ निंदा झाली. त्याला उत्तर म्हणून दिनकरराव जवळकरांनी देशाचे दुश्मन हे पुस्तक लिहिले. जवळकर, जेधे आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर खटला झाला, खालच्या कोर्टाने शिक्षा दिली. १९२६ साली अपिलात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि सगळे सुटले. ज्यांना बाबासाहेबांनी पुढे आपले गुरू मानले, त्या जोतीरावांच्या सन्मानाची लढाई त्यांनी अशी कोर्टात लढली होती.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे पुण्याच्या म्युनिसिपालिटीत असताना मंडईला जोतीरावांचे नाव मिळाले. गव्हर्नराचे नाव गेले आणि माळ्याच्या मुलाचे आले, हा विजयच होता. आम्ही तो नाकारत नाही. आज त्या छपराखाली हजारो कष्टकऱ्यांचे पोट भरते, हेही नाकारत नाही. इमारत वाईट होती असे जोतीरावही म्हणत नव्हते. प्रश्न क्रमाचा होता. आधी काय?

तो प्रश्न आज गावोगाव उभा आहे. कुठलीही नगरपालिका पाहा. चौकाचे सुशोभीकरण, मुख्य रस्त्यावर फरशा, कारंजे, प्रवेशद्वार, व्यापारी संकुल. कामाचे नाव शहराचा कायापालट. पहिला बळी कोणाचा? रस्त्याकडेला बसणाऱ्या चांभाराचा, भाजीवालीचा, हातगाडीवाल्याचा. संकुल उभे राहते, गाळ्यांचा लिलाव होतो, आणि ज्यांना उठवले त्यांच्यात अनामत भरायची ऐपत नसते. नगरपालिकेच्या शाळेचे छत मात्र गळतच राहते. मागासवर्गीयांच्या वस्तीसाठी राखून ठेवायचा निधी मार्चअखेर कुठे जातो, ते विचारायला सभागृहात कोणी उभे राहत नाही.

आणि आज आमची माणसे सभागृहात नाहीत असेही नाही. जोतीराव सरकारनियुक्त होते, एकटे होते. १९९३ पासून ७४ व्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींना आणि स्त्रियांना नगरपालिकांत राखीव जागा दिल्या. २०१४ च्या फेरीवाला कायद्याने शहर विक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांतून निवडलेले असावेत असे ठरवले. हे हक्क कागदावर आहेत. पण २०२२ साली पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षे निवडणुकाच झाल्या नाहीत. प्रशासक कोट्यवधींची कामे मंजूर करत राहिले. लोकांनी निवडलेला एकही माणूस हरकत घ्यायला सभागृहात नव्हता. ही तर जोतीरावांच्याही मागे जाण्याची गोष्ट झाली!

राखीव जागेवर निवडून आलेल्या आमच्या बंधू-भगिनींना आमचे एवढेच सांगणे आहे. जयंतीला पुतळ्याला हार घाला, चौकाला नाव देण्यासाठी ठराव आणा, आम्ही तुमच्या सोबत आहोत. पण पुढच्या सभेत कोट्यवधींच्या सुशोभीकरणाचा विषय येईल, तेव्हा अंदाजपत्रक हातात घेऊन उभे राहा आणि विचारा की आमच्या वस्तीतल्या शाळेचे काय झाले, उठवलेल्या फेरीवाल्याला जागा कुठे दिली. मतदानात तुम्ही एकटे पडाल. पडा. ज्याचे नाव मंडईवर आहे, तोही त्या सभागृहात एकटाच पडला होता.