पश्चात्तापी संत ऑगस्टिन

भस्म बुधवारी कपाळी राख लावून ख्रिस्ती बांधव आपल्या उपवासकाळास प्रारंभ करतात. मधले रविवार वगळता चाळीस दिवसांचे हे व्रत उपवास, प्रार्थना व दानधर्म यांत घालवून ते ईस्टरच्या सणाला सामोरे जातात. चातुर्मास पाळणाऱ्या घरांना यातील भाव परका वाटू नये. या निमित्ताने संत ऑगस्टिन यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण त्यांच्या जीवनाचे वळण पूर्ण झाले ते इ. स. ३८७ च्या उपवासकाळातच.

त्यांचा जन्म इ. स. ३५४ मध्ये आजच्या अल्जीरियातील थागास्ते या गावी झाला. वडील पॅट्रिशियस रोमन देवतांचे उपासक, तर आई मोनिका निष्ठावंत ख्रिस्ती. बुद्धी तीव्र, पण मन स्वैर! सोळाव्या वर्षी सवंगड्यांसह त्यांनी शेजारची नासपतीची फळे चोरली आणि बहुतेक डुकरांपुढे टाकली. ही चोरी भुकेपोटी नव्हती, केवळ चोरीच्या गोडीपोटी होती. पुढे कार्थेजला विद्याभ्यास करताना ते मानी पंथात शिरले. पाप करणारी शक्ती आपल्याहून निराळीच आहे, ही त्या पंथाची शिकवण त्यांना नऊ वर्षे सोयीची वाटली.

मोनिकामाता या काळात पुत्रासाठी नित्य अश्रू ढाळीत होत्या. ३८३ मध्ये रोमला निघताना तर त्याने आईलाच फसविले. बंदराजवळच्या प्रार्थनास्थळी ती रात्रभर देवाची करुणा भाकीत असताना त्याचे जहाज निघून गेले. तरी ती माउली समुद्र ओलांडून मिलानला त्याच्यामागे गेलीच. तेथे बिशप अँब्रोज यांच्या प्रवचनांनी ऑगस्टिन यांचे मन हळूहळू पालटू लागले.

येथे एका स्त्रीची आठवण केल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. सुमारे पंधरा वर्षे ती विवाहाविना त्यांच्यासोबत राहिली. आदेओदातुस हा पुत्र तिचाच. प्रतिष्ठित विवाह ठरला आणि तिला आफ्रिकेत परत पाठविण्यात आले. पुन्हा पुरुषाचा संग न करण्याचे व्रत घेऊन, पोटचा मुलगा मागे ठेवून ती गेली. तो विवाह जुळविण्यात मोनिकामातेचाही हात होता, हे सांगणे जड जाते. आपले अंतःकरण तेव्हा रक्तबंबाळ झाले, असे ऑगस्टिन यांनी ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनात नमूद केले. पण तिचे नाव मात्र लिहिले नाही. आईच्या अश्रूंची थोरवी साऱ्या जगाने गायिली. हिच्या अश्रूंचा हिशेब परमेश्वरापाशीच असेल.

३८६ च्या उन्हाळ्यात एका बागेत, अंजिराच्या झाडाखाली ते हुंदके देत पडले असता शेजारच्या घरातून लहान मुलाचा गाण्यासारखा स्वर आला. ग्रंथ उचलून वाचण्याची ती आज्ञाच आहे असे मानून त्यांनी संत पौलाचे पत्र उघडले. प्रथम दृष्टीस पडलेला मजकूर वाचताच वर्षानुवर्षांचा संशय मावळला.

ठरलेला विवाह त्यांनी सोडला, पुढे अध्यापकाची मानाची जागाही सोडली. पुढल्या उपवासकाळाच्या आरंभी दीक्षार्थी म्हणून त्यांनी नाव दिले. उभ्या नगराला वक्तृत्व शिकविणारा हा पंडित आता साध्या माणसांच्या रांगेत बसून धर्माची मुळाक्षरे गिरवू लागला. ईस्टरच्या रात्री अष्टकोनी कुंडात अँब्रोज यांच्या हस्ते त्यांचा बाप्तिस्मा झाला. सोबत पुत्र व मित्र अलिपियस हेही होते. नवदीक्षितांचे पाय धुण्याची मिलानची रीत होती. त्या कुंडाचे अवशेष मिलानच्या मोठ्या चर्चसमोरील चौकाखाली आजही पाहावयास मिळतात.

त्याच वर्षी, परतीच्या वाटेवर, ऑस्तिया बंदरी मोनिकामातेने देह ठेवला. थोड्याच वर्षांत गुणी आदेओदातुसही गेला. ऑगस्टिन पुढे हिप्पो नगरीचे बिशप झाले, महान ग्रंथकार म्हणून गाजले. परंतु पश्चात्ताप त्यांनी कधी संपला असे मानले नाही. ४३० मध्ये व्हँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातला असताना ते रुग्णशय्येवर होते. दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रे लिहवून त्यांनी ती समोरच्या भिंतीवर लावून घेतली. वैद्य आणि जेवण आणणारे यांच्याखेरीज कोणासही आत येऊ न देता, शेवटचे सुमारे दहा दिवस ती वाचीत ते एकसारखे रडत होते. २८ ऑगस्टला, शहाहत्तराव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. नगरीचा वेढा तेव्हा उठला नव्हता.