हकीम अबुल कासिम अल-जहरावी

वाचकहो, दाढ दुखू लागली आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, की सकाळी आपण काय ठरवतो? एकदाची काढून टाकू, कटकट मिटेल! विशीत असताना मीही तेच केले. खालची दाढ काढली व जागा तशीच सोडून दिली. पुढे शेजारची दाढ त्या रिकाम्या जागेकडे कलली, आणि तपासणीत कळले की तेथील जबड्याचे हाडही झिजले आहे. या घाईविरुद्ध हजार वर्षांपूर्वी एका मुसलमान शस्त्रवैद्याने स्पष्ट लिहून ठेवले होते, हे मला फार उशिरा वाचावयास मिळाले. तुम्हाला व तुमच्या मुलाबाळांना ते वेळेवर कळावे, म्हणून हा लेख.

त्यांचे नाव अबुल कासिम खलफ इब्न अब्बास अल-जहरावी. आज ज्याला आपण स्पेन म्हणतो, त्याच्या मोठ्या भागाला तेव्हा अंदलुस म्हणत व कुर्तुबा ही त्याची राजधानी होती. इ. स. ९३६ च्या सुमारास खलिफा अब्दुर्रहमान तिसरे यांनी कुर्तुबाजवळ मदीनतुज्जहरा हे नवे नगर वसवावयास घेतले. त्या नगरावरून ते ‘जहरावी’ झाले. त्यांचा जन्मही त्याच सुमारास झाला असे मानतात. घराणे अन्सारी. त्यांच्या घरगुती आयुष्याविषयी इतिहासात फार थोडे उरले आहे. उरला तो त्यांचा ग्रंथ, ‘किताबुत्तसरीफ’. तीस भागांचा हा ग्रंथ इ. स. १००० च्या सुमारास पूर्ण झाला. त्याच्या शेवटच्या भागात शस्त्रक्रिया आहे आणि सुमारे दोनशे उपकरणांच्या आकृत्या आहेत. आपल्या शिष्यांना ते त्यात मुलांनो अशी हाक मारतात. शिक्षक म्हणून मला ही गोष्ट विशेष भावली.

आता दातांकडे वळू. दातांवर साचलेले किटण खरवडण्यासाठी त्यांनी निरनिराळ्या आकारांची हत्यारे काढून दाखविली आहेत. दात काढण्याविषयी मात्र त्यांचा पहिला सल्ला थांबण्याचा आहे. आधी सर्व उपाय करून पाहावेत, कारण काढलेल्या दाताची भरपाई होत नाही. शिवाय दुखणारा दात नेमका कोणता याची खात्री करावी. वेदना फसवते, रोगी निरोगी दातावर बोट ठेवतो, तो काढला जातो आणि ठणका तसाच राहतो! काढणे भागच असेल तर रोग्याचे डोके गुडघ्यांत घट्ट धरावे, दाताभोवतालची हिरडी मोकळी करावी, दात हळूहळू हलवून सैल करावा व सरळ वर ओढावा. कीड लागून पोकळ झाला असेल तर चिमट्याने फुटू नये म्हणून आधी त्यात कापडाची चिंधी दाबून भरावी. त्या काळचे अडाणी हजाम दात मोडत, मुळे आत ठेवत, कधी जबड्याच्या हाडाचा तुकडाही उपटून काढत. त्यांच्यावर जहरावींचा राग उघड दिसतो.

हलणारे दात शेजारच्या घट्ट दातांना सोन्याच्या तारेने बांधावेत, चांदी काही दिवसांत हिरवी पडते, असे ते सांगतात. पडलेला दात परत बसवून बांधता येतो. तो नसेल तर गाईच्या हाडाचा दात कोरून त्या जागी बांधावा, तो बराच काळ काम देतो.

विद्यार्थी मित्रांनो, येथे एक फरक ध्यानात घ्या. तो हाडाचा दात शेजाऱ्यांच्या आधाराने राही, जबड्यात रुजत नसे. रुजणारे मूळ मिळाले ते विसाव्या शतकात. स्वीडनचे ब्रानेमार्क यांना सशांच्या हाडावर प्रयोग करताना टायटॅनियम धातूशी हाड एकजीव होते असे आढळले, आणि १९६५ साली त्यांनी पहिल्या रोग्याच्या जबड्यात तसे स्क्रू बसविले. यालाच आज इम्प्लांट म्हणतात. पण स्क्रूला हाड हवे, आणि दात काढल्यावर पहिल्या काही महिन्यांतच ते झपाट्याने अरुंद होते. म्हणून दात काढण्यापूर्वीच पुढचे ठरवावे लागते. दात अलगद काढून खड्ड्यात हाडाची पूड भरतात. ती बहुधा गाईच्या हाडाची, प्रक्रिया करून केवळ खनिज उरलेली असते. झीज त्यामुळे कमी होते, सर्वस्वी थांबत नाही. साधारण चार ते सहा महिने थांबून स्कॅन काढतात. खालच्या जबड्यात नस किती खोल आहे, वरच्या जबड्यात पोकळी किती जवळ आहे, हे पाहूनच स्क्रूची लांबी ठरते. मग स्क्रू, पुन्हा काही महिन्यांची प्रतीक्षा, आणि शेवटी वरचा दात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे व साखर ताब्यात नसलेल्यांचे हाड नीट भरून येत नाही. काही पूड डुकराच्या हाडाचीही असते, तेव्हा ती कोणत्या जनावराची हे आधीच विचारून घ्यावे. डॉक्टर रागावत नाहीत.

जहरावींनी डोळे मिटले ते इ. स. १०१३ च्या सुमारास. त्याआधीच यादवीत मदीनतुज्जहरा लुटले गेले होते. ग्रंथ मात्र बाराव्या शतकात तोलेदो येथे क्रेमोनाच्या जेरार्ड यांनी लॅटिनमध्ये नेला, आणि ‘अल्बुकासिस’ या नावाने युरोपचे शस्त्रवैद्य तो कित्येक शतके अभ्यासत राहिले. शस्त्रक्रियेच्या भागाचे इंग्रजी भाषांतर मूळ अरबी मजकूर व आकृत्यांसह १९७३ साली लंडनहून निघाले आहे. त्याची एक प्रत आपल्या संस्थेच्या ग्रंथालयात यावी, असा अर्ज मी कार्यकारिणीकडे दिला आहे.