विष्णुभट गोडसे

विष्णुभट गोडसे वरसईकर (१८२७–१९०४) हे मराठी प्रवासवृत्तलेखक व भिक्षुक होते. १८५७ च्या उठावाचा त्यांनी लिहिलेला 'माझा प्रवास' हा वृत्तान्त मराठीतील आरंभीच्या प्रवासवर्णनांपैकी एक मानला जातो. युद्धात सापडलेल्या नगरातील सामान्य रहिवाशाच्या नजरेतून झालेले कथन म्हणूनही त्याचे महत्त्व आहे.

जीवन व प्रवास

गोडसे यांचे घराणे पेणजवळील वरसई (आताचा रायगड जिल्हा) येथील होते. कुटुंबावर कर्ज होते. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असल्याचे कळल्यावर, दक्षिणा मिळेल या आशेने ते १८५७ मध्ये काका रामभट यांच्यासह उत्तरेस निघाले. महूच्या परिसरात त्यांना शिपायांकडून उठावाची चाहूल लागली, तरी त्यांनी प्रवास चालू ठेवला. पुढे ग्वाल्हेरमार्गे ते झाशीस पोहोचले व तेथे त्यांना राणी लक्ष्मीबाईंचा आश्रय मिळाला.

झाशीचा वेढा

मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज यांच्या सैन्याने झाशीला वेढा घातला. मदतीस आलेल्या तात्या टोपे यांचा बेतवा नदीकाठी पराभव झाला आणि एप्रिलच्या आरंभी इंग्रज फौजा शहरात शिरल्या. गोडसे या काळात शहरातच लपून होते. रहिवाशांची कत्तल, घरोघरची लूट आणि राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा नाश यांचे वर्णन त्यांनी केले आहे. त्यांची स्वतःची मिळकतही लुटली गेली. पुढे काल्पीच्या वाटेवर त्यांची राणीशी पुन्हा भेट झाली. अखेर गंगाजलाची कावड घेऊन ते वरसईस परतले.

लेखन व प्रकाशन

चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून गोडसे यांनी १८८३ च्या सुमारास हा वृत्तान्त लिहिला. सरकारी रोषाची शक्यता असल्याने तो त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. १९०७ मध्ये वैद्य यांनी तो प्रसिद्ध केला, परंतु मूळ मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखितावर आधारलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये संपादित केली. अमृतलाल नागर यांनी या ग्रंथाचा हिंदी अनुवाद केला असून इंग्रजी अनुवादही उपलब्ध आहेत.

वृत्तान्ताची विश्वसनीयता

उठावाच्या बातम्या ब्रिटनमध्ये मुख्यतः इंग्रजी वृत्तपत्रांतून व लष्करी अहवालांतून पोहोचल्या. 'द टाइम्स'चे वार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल यांनी लखनौमधील इंग्रज सैनिकांच्या लुटीविषयी परखडपणे लिहिले, परंतु ते सैन्याच्या छावणीतून पाहत होते. गोडसे तटाच्या आत होते. त्यामुळे विजेत्यांच्या अहवालांत न येणारे नागरिकांचे हाल त्यांच्या लेखनात आढळतात.

तथापि गोडसेही पूर्णतः तटस्थ नव्हते. राणी त्यांची आश्रयदाती होती व तिच्याविषयीचा आदर सर्वत्र जाणवतो. उठावाच्या कारणांची व कानपूरच्या घटनांची त्यांची माहिती ऐकीव होती. शिवाय घटना व लेखन यांत सुमारे पंचवीस वर्षांचे अंतर होते. दुसरीकडे, पराभवानंतर पळणाऱ्या बंडवाल्या शिपायांनी केलेली लूटमारही त्यांनी लपवलेली नाही. म्हणून या ग्रंथातील प्रत्यक्ष पाहिलेला भाग व ऐकलेला भाग वेगळा करून, इंग्रजी साधनांशी ताडून वाचणे आवश्यक ठरते.