विश्लेषण : सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी नृत्य का? बर्टा बोबाथ यांच्या आयुष्यात दडलंय उत्तर

दिवाळी झाली की गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते. सौंदड परिसरातही दिवसा दंडार, रात्री नाटक असा बेत ठरलेला. ढोलकी वाजू लागली की लहान मुलांचे पाय आपोआप हलतात. सेरेब्रल पाल्सी असलेले मूल मात्र बहुतेक वेळा आईच्या मांडीवर किंवा घरातच राहते. याला नाचता येणार नाही, हे मोठ्यांनी आधीच ठरवून टाकलेले असते.

अशा मुलांचे शरीरही हालचाल शिकू शकते, हे जगाला पटवून देणाऱ्यांमध्ये बर्टा बोबाथ यांचे नाव अग्रभागी आहे. विशेष म्हणजे त्यांची सुरुवात डॉक्टर म्हणून नाही, तर व्यायामशिक्षिका म्हणून झाली होती. त्यांचा प्रवास कसा होता, त्यांचे काय चुकले आणि आजच्या नृत्योपचाराशी त्याचा काय संबंध, हे जाणून घेऊ.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे नेमके काय?

जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात वाढत्या मेंदूला इजा झाली, की हालचाल आणि शरीराची ठेवण यांवर कायमचा परिणाम होतो. यालाच सेरेब्रल पाल्सी म्हणतात. मेंदूतील इजा पुढे वाढत नाही, पण मूल वाढते तसे तिचे परिणाम बदलत जातात.

शेतातली मोटर चांगली असूनही स्टार्टर बिघडला तर ती नीट चालत नाही. इथेही काहीसे तसेच होते. मूळ बिघाड हातापायांत नसतो, मेंदूकडून स्नायूंना येणाऱ्या संदेशात असतो. बहुतांश मुलांमध्ये स्नायू ताठर राहतात. काहींच्या हालचालींवर ताबा राहत नाही, तर काहींचा तोल जातो. लंडनचे शल्यविशारद विल्यम जॉन लिटल यांनी १८६१ मध्ये कठीण बाळंतपण आणि मुलांमधील हा ताठरपणा यांचा संबंध मांडला. त्यामुळे बराच काळ हा विकार ‘लिटलचा आजार’ म्हणून ओळखला जात होता.

बर्टा बोबाथ कोण होत्या?

बर्टा यांचा जन्म १९०७ मध्ये बर्लिनमध्ये झाला. माहेरचे आडनाव बुसे. त्या काळात जर्मनीत व्यायाम, लयबद्ध हालचाल आणि आधुनिक नृत्य यांची मोठी लाट होती. बर्टा यांनी बर्लिनमधील ॲना हेरमान यांच्या शाळेत व्यायामाचे शिक्षण घेतले आणि पुढे तिथेच शिकवले. या शाळेत कवायतीपेक्षा शरीर ओळखण्यावर भर होता. कोणता स्नायू ताणला गेला आहे, तो सैल कसा सोडायचा, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर कसे जाते, हे त्या शिकल्या. नाचणाऱ्याला जे अंगवळणी असते, तेच पुढे त्यांचे उपचाराचे साधन बनले.

त्यांना देश का सोडावा लागला?

नाझी राजवटीत ज्यूंचा छळ वाढत गेला आणि १९३८ मध्ये बर्टा लंडनला आल्या. बर्लिनपासून ओळखीचे असलेले डॉ. कारेल बोबाथ तिथे पुन्हा भेटले. १९४१ मध्ये दोघांनी लग्न केले. पुढची जवळपास ५० वर्षे बर्टा रुग्णाला हाताळून निरीक्षणे करायच्या आणि कारेल त्यामागे मेंदूचे कोणते शास्त्र आहे ते शोधायचे.

एका चित्रकाराच्या हाताने काय शिकवले?

१९४०च्या दशकात बर्टा यांच्याकडे एक नामवंत चित्रकार रुग्ण म्हणून आले. पक्षाघातामुळे त्यांची एक बाजू लुळी पडली होती आणि हात ताठ झाला होता. तेव्हाची रीत अशी, की ताठरलेला अवयव चोळायचा, ताणायचा आणि रुग्णाला चांगल्या बाजूने कामे करायला शिकवायचे. अधू बाजू सुधारेल, ही आशा फारशी कुणी ठेवत नसे.

बर्टा यांनी शरीर विशिष्ट तऱ्हेने धरून आणि हलवून पाहिले. खांदा आणि धड यांची ठेवण बदलली, की हाताचा ताठरपणा कमी होतो, हे त्यांच्या लक्षात आले. ताठरपणा उतरला की रुग्ण थोडी हालचाल स्वतः करू शकत होता. हा ताठरपणा अटळ नाही, तो बदलू शकतो, हा निष्कर्ष त्या काळात मोठा होता.

मुलांपर्यंत हे काम कसे पोहोचले?

लंडनमधील प्रिन्सेस लुईस बालरुग्णालयात बर्टा यांनी सेरेब्रल पाल्सीच्या मुलांवर हीच पद्धत वापरली. फिजिओथेरपीची रीतसर पात्रताही मिळवली. १९५०च्या दशकात पती-पत्नींनी या मुलांसाठी लंडनमध्ये स्वतंत्र केंद्र उभे केले. तेच पुढे ‘बोबाथ सेंटर’ झाले. जगभरातील थेरपिस्ट तिथे शिकून गेले. आजही भारतातील अनेक फिजिओथेरपिस्ट ‘बोबाथ’ किंवा ‘एनडीटी’ या नावाने ही पद्धत ओळखतात.

त्यांच्याच विचारांच्या परंपरेतील नॅन्सी फिनी यांनी १९६८ मध्ये पालकांसाठी पुस्तक लिहिले. मुलाला उचलायचे कसे, आंघोळ घालायची कशी, भरवायचे कसे, हे त्यात आहे. दवाखान्यात तासभर केलेले घरी उरलेल्या वेळेत वाया जाऊ नये, हा त्यामागचा विचार होता.

बर्टा यांचे काय चुकले?

त्यांच्या आयुष्यातला हा सर्वात शिकण्यासारखा भाग. सुरुवातीला त्या मुलाला चुकीच्या ठेवणीच्या उलट स्थितीत धरून ठेवत. त्यांच्या हातात मूल सैल होई, पण हात काढला की फायदा टिकत नसे. आपल्या पद्धतीतली ही उणीव बोबाथ दाम्पत्याने उघडपणे मान्य केली. मग स्थिर ठेवणीऐवजी हालचालीवर आणि पुढे खाणे, बसणे, चालणे अशा रोजच्या कामांवर त्यांचा भर गेला.

२० जानेवारी १९९१ रोजी बर्टा आणि कारेल यांचे एकाच दिवशी निधन झाले.

आजचे संशोधन काय सांगते?

ऑस्ट्रेलियातील संशोधक आयोना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये सेरेब्रल पाल्सीवरील उपचारांचा मोठा आढावा घेतला. मूळ स्वरूपातील बोबाथ पद्धतीला त्यात भक्कम आधार मिळाला नाही. जिथे मूल स्वतः हालचाल करते, त्याला हव्या असलेल्या कामाचा सराव करते आणि तो पुन्हा पुन्हा करते, असे उपचार सरस ठरले.

म्हणजे बर्टा ज्या दिशेने सरकत होत्या, त्याच दिशेने विज्ञान आणखी पुढे गेले. पालकांसाठी याचा अर्थ सरळ आहे. मूल नुसते पडून आहे आणि दुसरेच कुणी हातपाय चोळते आहे, एवढ्यावर वर्षानुवर्षे पैसा खर्च करण्याआधी थेरपिस्टला विचारा : यात माझे मूल स्वतः काय करणार?

मग नृत्य कुठे बसते?

नृत्यात मूल स्वतः हलते, तेही आवडीने. कंटाळा न येता तीच हालचाल अनेकदा होते. ठेका पुढची हालचाल कधी करायची याची आगाऊ सूचना देतो. लयीच्या साथीने चालण्याच्या सरावाचा काही मुलांच्या चालीवर चांगला परिणाम दिसला आहे. नृत्यावरचे अभ्यास मात्र अजून लहान आहेत. तोल आणि चाल यांत सुधारणेचे संकेत आहेत, पण नृत्याने सेरेब्रल पाल्सी बरी होत नाही. नियमित थेरपीला ते जोड देते.

‘अनुकूलित’ नृत्य म्हणजे मुलाला नाचाच्या साच्यात बसवायचे नाही, नाच मुलासाठी बदलायचा. काही उदाहरणे :

• उभे राहता येत नसेल तर खुर्चीत, पाय जमिनीवर पूर्ण टेकवून नाच.
• कमरेला आधार देऊन वजन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला न्यायचा सराव.
• दोन्ही हातांत ओढणी देऊन ती ठेक्यावर वर-खाली किंवा डावी-उजवीकडे.
• सुरुवात संथ गाण्याने. अचानक मोठा आवाज झाला तर अनेक मुले दचकतात आणि शरीर आणखी ताठते.

फिट येत असेल, खुब्याचा त्रास असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे.

सौंदडच्या पालकांनी काय करावे?

महाराष्ट्रात या मुलांसाठीच्या कामाला मोठे वळण मिळाले ते १९७२ मध्ये. डॉ. मिथू अलूर यांनी मुंबईत ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ सुरू केली आणि शिक्षण व उपचार एका छताखाली आणले. पण सौंदडहून मुंबई लांब आहे. सुरुवात जवळूनच करावी लागेल.

• राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतात. शंका तिथेच सांगा. पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची व्यवस्था या कार्यक्रमात आहे.
• २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत सेरेब्रल पाल्सी आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या.
• नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. थेरपीचाही त्यात समावेश आहे.
• मान न सावरणे, एकच हात वापरणे, पाय कात्रीसारखे होणे, अशी लक्षणे दिसली तर ‘मोठा झाला की चालेल’ म्हणून थांबू नका. पहिली वर्षे सर्वाधिक मोलाची असतात.

आणि यंदा मंडईत ढोलकी वाजली, की मुलाला घरी ठेवू नका. आवाजापासून थोडे लांब, खुर्चीत नीट बसवा, कमरेला आधार द्या आणि ठेका धरू द्या. हात जेमतेम वर गेला तरी ती हालचाल त्याची स्वतःची असेल.