ॲलन ट्युरिंग : चुका शोधणारा गणिती

ॲलन ट्युरिंग यांचे नाव निघाले की दुसऱ्या महायुद्धातील जर्मनांच्या एनिग्मा यंत्राची व त्यातून सुटलेल्या गुप्त संदेशांची आठवण होते. ते यश थोर खरेच. तथापि गणकयंत्राला दिलेल्या आज्ञांतील चुका कशा हुडकाव्यात, याविषयीचे त्यांचे काम फारसे कोणी सांगत नाही. आम्ही येथे त्याचाच विशेष परिचय करून देणार आहोत.

ट्युरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडन येथे झाला. वडील मद्रास इलाख्यात सनदी नोकरीत होते व काही काळ आजच्या ओडिशातील छत्रपूर येथे राहत. मुलांना विलायतेत ठेवून आईवडील हिंदुस्थानात परतले, त्यामुळे ॲलनचे बालपण बरेचसे परक्या घरी गेले. १९२६ साली शेरबोर्नच्या शाळेत दाखल व्हावयाच्या वेळीच देशव्यापी संप होऊन आगगाड्या बंद पडल्या. तेरा वर्षांच्या या मुलाने साउथॅम्प्टनहून सायकल काढली, वाटेत एक रात्र मुक्काम केला आणि सुमारे ६० मैल तोडून शाळा गाठली!

१९३६ साली, केंब्रिजमध्ये असताना, केवळ आज्ञा बदलून हवे ते गणित करणाऱ्या यंत्राची कल्पना त्यांनी मांडली. युद्धानंतर, १९४८ साली, ते मँचेस्टर विद्यापीठात आले. तेथे असे यंत्र प्रत्यक्षात उभे राहत होते. परंतु यंत्र सांगितलेले तेवढेच करते; सांगण्यात चूक झाली तर चुकीचे उत्तरही ते तितक्याच निष्ठेने देते.

जून १९४९ मध्ये केंब्रिज येथील परिषदेत ट्युरिंग यांनी यावर निबंध वाचला. दाखला अगदी शाळेतला होता. लांबलचक बेरजेचे नुसते उत्तर दिले, तर तपासणाऱ्यास ती सारी पुन्हा करावी लागते. प्रत्येक स्तंभाचा हातचा लिहून ठेवला, तर एकेक स्तंभ स्वतंत्रपणे तपासता येतो. त्याचप्रमाणे, आज्ञावलीत ठिकठिकाणी त्या क्षणी काय खरे असले पाहिजे हे लेखकाने नोंदवून ठेवावे, असे त्यांचे म्हणणे. गंमत अशी की, चुकांवरचा हा निबंध छापताना त्यातच अनेक चुका राहिल्या!

१९५१ साली त्यांनी मँचेस्टरच्या यंत्राची मार्गदर्शिका लिहिली. त्या यंत्रात स्मृतीतील आकडे काचनळीच्या पडद्यावर ठिपक्यांच्या रूपाने दिसत. काही आज्ञा केवळ थांबण्याच्या असत. खटका लावला तरच यंत्र तेथे थांबे, एरवी सरळ पुढे जाई. एकेक आज्ञा करवून पाहण्याचीही सोय होती. आज विद्यार्थी संगणकावर आज्ञावली लिहिताना डीबगर जोडून घेतात, ओळीच्या कडेला टिचकी मारून तांबडा ठिपका उमटवितात, तेथे धाव थांबवितात, किमती न्याहाळतात आणि ओळीओळीने पुढे सरकतात. साधन नवे, रीत मात्र त्याच घराण्यातली आहे.

१९५२ साली एका पुरुषाशी असलेल्या संबंधाबद्दल तत्कालीन कायद्याने त्यांना दोषी ठरविले. तुरुंग टाळण्यासाठी त्यांना संप्रेरकांचे उपचार सोसावे लागले. ७ जून १९५४ रोजी सायनाइडच्या विषाने त्यांचा अंत झाला. वय अवघे ४१. चौकशीत ती आत्महत्या ठरली. २००९ साली ब्रिटिश पंतप्रधानांनी सरकारतर्फे क्षमा मागितली आणि २०१३ साली राणीने त्यांना माफी दिली. पहिलीच गोष्ट आम्हांस अधिक रास्त वाटते. २०२१ साली निघालेल्या ५० पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले आहे.