रोख्यामागे पाहणारा न्यायाधीश

१२ मे १८७५. आज बारामती तालुक्यात असलेल्या सुप्याचा बाजार. त्या दिवशी शेतकरी सावकारांवर चालून गेले ते रोखे आणि चोपड्या मिळवायला, आणि त्यांची होळी केली. कागदच का जाळला? कारण कोर्टात कागदच बोलत होता. रोख्यावर निशाणी दिसली की हुकूमनामा! मुद्दल किती आणि व्याज किती, हे विचारणार कोण?

त्यानंतर १८७९ साली डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. पुणे जिल्हा त्यात, म्हणजे बारामती-इंदापूरही आले. रोख्यावरचा आकडा अंतिम न मानता व्यवहार मुळापासून तपासायचा, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालायचे नाही, असा हा कायदा. त्याखालच्या कोर्टांची तपासणी १८८१ मध्ये महादेव गोविंद रानडे यांच्याकडे आली. १८८७ मध्ये ते विशेष न्यायाधीश झाले. आपला कार्यकर्ता रानड्यांना पुण्याचे ब्राह्मण सुधारक म्हणून बाजूला सारतो. मी वकील, मला ते जमत नाही.

जन्म १८४२ चा, निफाडचा. १८६६ ला एलएल. बी., १८७१ पासून पुण्यात न्यायाधीश. सार्वजनिक सभेमागचे डोके त्यांचेच. फडक्यांच्या बंडाच्या काळात सरकारने संशयावरून त्यांना धुळ्याला धाडले होते, हेही ध्यानात ठेवावे.

पण घरात काय? विधवाविवाहाचा हा पुरस्कर्ता १८७३ मध्ये पत्नी वारल्यावर वडिलांपुढे नमला आणि अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न करून बसला. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहाला गेला आणि पुढे त्याचे प्रायश्चित्तही घेतले. सावकाराच्या कागदामागे पाहणारा माणूस शास्त्रीबुवांच्या कागदापुढे मान तुकवतो, हे खटकलेच पाहिजे. जोतिराव फुल्यांनी तर १८८५ मध्ये 'इशारा' लिहून रानड्यांचे शेतकऱ्यांविषयीचे म्हणणे खोडून काढले.

मग १८ जानेवारी १९४३ रोजी डेक्कन सभेच्या निमंत्रणावरून बाबासाहेब रानड्यांच्या जयंतीला पुण्यात बोलायला का गेले? उणिवा त्यांना ठाऊक नव्हत्या थोड्याच! पण समाज सडलेला असताना नुसते राजकीय हक्क मागून भागत नाही, हे रानडे सांगत राहिले, आणि बाबासाहेबांनी त्यांचे मोठेपण तिथे मोजले.

१८९५ च्या पुणे काँग्रेसवेळी विरोधकांनी सामाजिक परिषदेला काँग्रेसच्या मांडवात येऊ दिले नाही, मांडव जाळण्याची धमकी दिली. रानडे वाद वाढवत बसले नाहीत. परिषद त्यांनी दुसरीकडे भरवली.